लोखंड नाही, आजार आहे

कॉम्प्युटरच्या पडद्यावर भार्गवची कवटी उमटली तेव्हा कौमुदीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की पोरगं किती बारीक झालं. कवटी बघून कोणी बारीक झालं म्हणतं का? आणि पोरगं तरी कुठलं, कानांवरचे केस पांढरे झालेत. पण मन आधी आपल्या सवयीच्या जागी जाऊन बसतं, मग इकडेतिकडे बघतं. इकडेतिकडे बघितलं तेव्हा तिला उजव्या डोळ्याच्या खोबणीत तो ठिपका दिसला. तिळाएवढा. पडद्यावर काही चिकटलंय असं वाटून ती पदराच्या टोकाने पुसायला पुढे झाली, तर मंजिरीने तिचा हात धरला. "दीदी, स्क्रीन पे नहीं है. अंदर है." मग आवाज खाली आणून, "हड्डी से भी ज़्यादा सफ़ेद है न. मेटल है. लोहा."

मंजिरी म्हणजे ह्या संशोधनावर काम करणारी डॉक्टर पोरगी. शंकर नगरच्या मराठी घरातली, मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीतून. दोन महिन्यांपूर्वी ओपीडीत तिने कौमुदीला समजावून सांगितलं होतं की स्किझोफ्रेनियात आठवणींचं काय होतं ते त्यांना मोठ्या चुंबकाच्या एम.आर.आय. मशीनमधून बघायचं आहे. आठवण जिथे साठते ती जागा मेंदूत खाली, कानाच्या आतल्या बाजूला. ती खरी की मनाची हे ठरवणारी जागा वर, कपाळामागे. दोघींमध्ये सारखी ये-जा असते. ह्या आजारात ती ये-जा कुठेतरी बिघडते, असं त्यांना वाटतं. कौमुदीचा नवरा शेखर बिलासपूरला रेल्वेत, त्यामुळे तिला जग रुळांवरूनच कळतं. ती म्हणाली, "म्हणजे डबल लाईनची सिंगल झाली." मंजिरी खूष झाली होती. "हाँ दीदी, कुछ वैसा ही." मग म्हणाली, पेशंटबरोबर त्याचं निरोगी सख्खं भावंडही हवं, तुलनेसाठी. कौमुदीला गंमत वाटली होती. पन्नाशी उलटल्यावर का होईना, आपण शहाण्या आहोत असं कोणीतरी सरकारी शिक्क्याने सांगणार.

आणि आज सकाळी ह्या शहाणीने काय केलं? मंजिरीने भार्गवला विचारलं, शरीरात कुठे धातू? नाही. ऑपरेशन? नाही. "भैया, कभी लोहे का काम किया? ग्राइंडिंग, वेल्डिंग?" भार्गवने तोंड उघडलं होतं. कौमुदीला आता ते उघडलेलं तोंड स्पष्ट आठवत होतं, वरचा एक दात पडलेला. पण ती त्याच्या आधी म्हणाली, "नाही, नाही." इतक्या वर्षांची सवय. दुकानदार, कंडक्टर, डॉक्टर, कोणी भार्गवला काही विचारलं की उत्तर कौमुदीकडून जातं. आई होती तोवर आईकडून जायचं. खोटं बोलायचं असं तिच्या मनात नव्हतं. उरला म्हणजे शहराबाहेरची कारखान्यांची वसाहत; तिथे तो जेमतेम काही महिने होता, आयटीआय करून रोलिंग मिलच्या वर्कशॉपमध्ये लागला होता, पण त्यांच्या घरात उरला हे कामाचं ठिकाण राहिलंच नव्हतं. ते आजाराचं गाव झालं होतं. आजार तिथे सुरू झाला, तिथून घरी आला. त्या गावात काम करत होता का, असं विचारलं तर कोणाला एकदम सुचावं?

ते तिथेच संपलं असतं. भार्गवने घड्याळ काढून दिलं, पट्टा काढला, निळे कपडे घातले आणि त्या जाड दारापाशी जाऊन उभा राहिला. मंजिरीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्याने अगदी हळू, लग्नातल्या मुलीने विचारावं तसं लाजून विचारलं, "मॅडम, निकलेगा तो दर्द होगा क्या?"

"क्या निकलेगा, भैया?"

"लोहा."

"काही नाही, ते त्याचं नेहमीचं," कौमुदी पटकन म्हणाली. पण मंजिरीचा हात त्याच्या खांद्यावरच राहिला होता. ती कौमुदीकडे बघत नव्हती, भार्गवकडे बघत होती. कौमुदीला ते थोडं लागलं. "कौन सा लोहा, भैया? कहाँ से आया?" आणि भार्गवने सांगितलं, शाळेत कविता म्हणावी तसं सरळ सांगितलं: उरला, वर्कशॉप, घासायचं चाक, कामावरचा चष्मा तुटलेला होता. "आपने बोला था न, बड़ा चुंबक है. तो मैं आया."

मग ते जाड दार बंद झालं, भार्गवला एक्स-रेकडे नेलं, आणि आता हा ठिपका. मंजिरीच्या ओठांना कोरड पडली होती. ती सांगत होती की तुकडा बुबुळात नाही, बाजूच्या मांसात आहे, तिथे इतकी वर्षं निवांत बसला आहे, म्हणून नजर शाबूत राहिली. पण त्या मशीनमध्ये भार्गव गेला असता तर चुंबकाने तो तुकडा फिरला असता. जागेवरच्या जागी, असं. तिने बोट फिरवून दाखवलं.

"भैया को बताना तो पड़ेगा," मंजिरी म्हणाली. "पर कैसे बताएँ, वही सोच रही हूँ. उनकी तो इनसाइट इतनी अच्छी है." इनसाइट म्हणजे आपल्याला आजार आहे हे पेशंटला समजणं. भार्गवच्या केसपेपरवर दरवेळी लिहिलेलं असतं, समज उत्तम. दुसरा कुठला पेशंट दर जेवणानंतर गोळी हातावर घेऊन म्हणतो, लोखंड नाही, आजार आहे?

मोठे डॉक्टर दुपारी येणार होते. तोवर कौमुदीची वेळ होती, मशीन रिकामं होतं. मंजिरी म्हणाली, आज नको, दीदी, तुम्ही घाबरला आहात. पण कौमुदीला दाराबाहेर जायचं नव्हतं. दाराबाहेर बाकावर भार्गव बसला होता, पुन्हा आपल्या पांढऱ्या शर्टात. तो शर्ट त्याने काल रात्रीच स्वतः इस्त्री करून खुर्चीवर घालून ठेवला होता. "मी जाते आत," ती म्हणाली. लपायला जागा म्हणून कोणी एम.आर.आय.च्या भोकात शिरलं असेल तर ती पहिलीच असेल. जोडवी निघेनात, तेव्हा आयाबाईने बेसिनपाशी साबण लावून ओढून काढली. लग्नापासून तिथे असलेली, खाली बोटाला पांढरं वळं पडलं होतं. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आयाबाईनेच ती बाहेर भार्गवकडे नेऊन दिली.

आत आधी थंडी जाणवली. मग डोक्यावर पिंजरा बसला, कानात बोळे, हातात दोन बटनांचा एक डबा. मशीनचा आवाज सुरू झाला आणि कौमुदीला वाटलं, आपल्याच पिको-फॉलच्या मशीनची सुई एका जागी अडकून तेच भोक पुन्हा पुन्हा पाडते आहे. मंजिरीचा आवाज कुठूनतरी आला, "दीदी, पहले कुछ नहीं करना है. कुछ मत सोचिए. सोइए भी मत. बस प्लस के निशान को देखते रहिए." काही विचार करू नका! ह्यांना म्हणे असं स्वस्थ पडल्यावरच कळतं की मेंदूतल्या कुठल्या जागा एकमेकींशी बोलतात. कौमुदीने अधिकच्या चिन्हाकडे बघितलं. विचार न करता स्वस्थ पडणं तिच्या घराण्यात कोणाला जमलं होतं? आईला नाही. आई झोपेतसुद्धा ओठ हलवायची. कौमुदीने चिन्हाकडे बघितलं आणि लगेच विचार आला, ते गोळीचं वाक्य आईनेच बनवलं होतं.

त्याआधी वाक्य नव्हतं, नुसती आरडाओरड होती. लोखंड आहे, म्हणायचा भार्गव, डोक्यात लोखंड आहे, ते सांगतं. काय सांगतं? शिफ्ट लागली म्हणतं. गेटवर ये म्हणतं. नाव घेऊन बोलावतं. आणि भार्गव जायचा. तात्यापाऱ्यातल्या आईच्या घरातून उरलापर्यंत पायी, चपला न घालता, ट्रकांच्या धुळीतून, आणि ज्या मिलने त्याला कधीच काढून टाकलं होतं तिच्या गेटसमोर उभा राहायचा, आत घेतील म्हणून. पायांना फोड आलेले. ट्रकवाले चहा पाजून बसवून ठेवायचे, कोणीतरी ओळखीचा निरोप आणायचा. गोळ्या द्यायला लागले तर त्या तोंडात धरून अंगणात जायचा आणि तुळशीत थुंकायचा. हे कळलं तेव्हा आई रडली होती, आणि मग म्हणाली होती, तरीच म्हटलं, ही तुळस अलीकडे इतकी शांत काहून झाली. हे असं असायचं आईचं. रडता रडता काहीतरी बोलायची आणि दुसऱ्याला हसावं की काय कळायचं नाही.

मग आईने ते वाक्य काढलं. कोणी डॉक्टरने नाही सांगितलं. मांडी घालून त्याच्यासमोर बसायची, गोळी स्वतःच्या तळहातावर, पाण्याचा पेला मध्ये. म्हण, लोखंड नाही. तो म्हणायचा, आहे. म्हण, लोखंड नाही, आजार आहे. तो उठून जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मुलाला पाढे शिकवावे तशी. किती दिवस ते चाललं कोण जाणे, पण एके दुपारी कौमुदी दुर्गहून माहेरी आली होती, तेव्हा शेखरची बदली तिथे होती, आणि तिने दारातूनच ऐकलं, भार्गव म्हणत होता, लोखंड नाही, आजार आहे. आवाज अगदी सपाट. पण गोळी गिळली. आईने त्याच्याकडे बघितलं नाही, कौमुदीकडे बघितलं, आणि भुवया उडवल्या, पत्त्यात हुकूम पडल्यावर उडवाव्यात तशा. त्या दिवसानंतर तो उरलाला गेला नाही. हळूहळू भाजी आणू लागला. इस्त्री करू लागला, साऱ्या गल्लीची इस्त्री. आई गेल्यावर कौमुदी त्याला आपल्याकडे घेऊन आली ती त्या वाक्यासकट. आता तर ते घरात सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. कुकरची शिटी झाली नाही की शेखर स्वयंपाकघरातून ओरडायचा, लोखंड नाही, आजार आहे. भार्गवसुद्धा हसायचा. हसायचा ना? कौमुदीने आठवून बघितलं. हसायचा. खाली बघून.

एका वाक्यावर एक माणूस उभा होता. आणि ते वाक्य खोटं निघालं होतं.

मशीनची सुई बदलली, आता आवाज जाड झाला, पत्र्यावर कोणी लाकडी ठोकळा मारत असल्यासारखा. कौमुदीच्या डोळ्याच्या कडेने पाणी कानाकडे उतरू लागलं आणि तिला पुसता येईना, कारण हलायचं नव्हतं. हललं की फोटो बिघडतो. गुदगुल्या करत ते पाणी कानातल्या बोळ्यापाशी जाऊन थांबलं. तिने मनात तिथेच हिशेब मांडला, जसा ब्लाऊजचा कपडा कमी पडला की मांडते. सांगितलं तर काय? भार्गव, तुझं खरं होतं, लोखंड आहे. मग तो म्हणेल, बघ. मग म्हणेल, लोखंड खरं तर आवाजही खरा. मग गोळी कशाला? मग गेट. ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी, उरलापर्यंत. नाही सांगितलं तर काय? मशीन बिघडलं, पुन्हा कधीतरी बोलावतील. तो मान हलवेल. दुपारी गोळी हातावर घेऊन म्हणेल, लोखंड नाही, आणि ती समोर बसून ऐकेल, पडद्यावरचा तो तीळ डोळ्यांसमोर घेऊन. दुसरं कदाचित तिला जमलंही असतं. पण मधूनच तिला तो दारातला प्रश्न आठवला. दुखेल का. चुंबक आहे म्हणून मी आलो. म्हणजे रोज ते वाक्य म्हणत असताना त्याच्या मनात काय होतं? त्याने ते कधीच मानलं नव्हतं? मग कोणासाठी म्हणत होता? तिला एकदम लाज वाटली. देवघरात रोज हात जोडणाऱ्या माणसाला विचारावं, तुझा खरंच विश्वास आहे का, तसं काहीतरी.

"बहुत बढ़िया, दीदी. अब शब्दों वाला टेस्ट," मंजिरी म्हणाली. तो बाहेर एकदा शिकवला होता. पडद्यावर शब्दांच्या जोड्या येणार. काही पुऱ्या: ताला, चाबी. काही अर्ध्या: दाल, आणि पुढे रेघ, तो शब्द आपण मनात भरायचा. मग नंतर एकेक शब्द येणार आणि विचारणार, हा तुम्ही पडद्यावर पाहिलात, की मनाने भरलात? उजवं बटन देखा, डावं बटन सोचा. मंजिरी म्हणाली होती, ह्या आजारात नेमकं हेच गडबडतं. मनात आलेलं बाहेरून आल्यासारखं वाटतं. सोपं वाटलं होतं तेव्हा. सुई, धागा. कप, रेघ. बारिश, रेघ. चूल्हा, आग. शब्द येत होते आणि कौमुदी भरत होती, बशी म्हणू की प्लेट, छाता, पुढे. आणि मग प्रश्न सुरू झाले. धागा. तिने पाहिला होता का? सुई-धागा ती रोज पाहते. देखा. चावल. हा कुठे होता? दाल पाहिली होती, चावल तिने घातला होता की तिथेच होता? त्या शब्दाची अक्षरं तिला पडद्यावर दिसत होती, काळी, थोडी जाड. दिसत होती म्हणजे पाहिली होती. देखा. दाबल्यावर वाटलं, चुकलं. छाता. आग. चम्मच. घाम येऊ लागला, त्या थंडीत. किती सहज आपण शपथेवर सांगतो की मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आणि तेवढ्यात, शब्दांच्या मधल्या रिकाम्या पडद्यावर, तिला तो डोळा दिसला. भार्गवचा उजवा डोळा, लाल, पापणी सुजून मिटलेली. संध्याकाळ. आईच्या घरातली ती पिवळी भिंत. तो खाली बसला आहे, मान मागे टाकून, आणि आई वाकून डोळ्यात गुलाबजल सोडते आहे, कापसाच्या बोळ्याने, थेंब थेंब. तो म्हणतो आहे, आई, आत काही गेलं वो. आई म्हणते, गेलं असेल तर निघेल पाण्याबरोबर, हलू नको. वर्कशॉपच्या कपड्यांचा तेलकट वास. सगळं इतकं स्पष्ट की गुलाबजलाच्या बाटलीचं टोपण कुठे ठेवलं होतं तेसुद्धा. कौमुदीने ते पाहिलं होतं. पाहिलं होतं? पण त्या वर्षी ती दुर्गला होती. त्या दिवसांत ती माहेरी आलेलीच नव्हती, पोटुशी होती, डॉक्टरने प्रवास नको सांगितला होता. ती नव्हती तिथे. मग ही भिंत कुठून आली, हे टोपण? कोणीतरी सांगितलं असणार. आई त्यावर नंतर कधी एक शब्द बोलली नाही. म्हणजे भार्गवने. त्यानेच सांगितलं असणार, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, त्या ओरडण्याच्या दिवसांत, लोखंड बोलतं ह्याच्या आधी, लोखंड बोलतं ह्याच्या मधे, आत काही गेलं, आत काही गेलं. आणि तिने ते इतकं नीट ऐकलं होतं की त्याचं चित्र करून ठेवलं होतं, भिंतीच्या रंगासकट. आणि तरी आज सकाळी म्हणाली, नाही नाही. तिच्या कानामागे ते सगळं होतं. कपाळापर्यंत आलं नव्हतं. कोणाची लाईन सिंगल म्हणायची?

पडद्यावर शब्द येऊन थांबला होता. बर्तन. देखा की सोचा. बोट उचलेना. "दीदी? आप ठीक हैं?" तिने डावं दाबलं. मग कुठलंही दाबत गेली.

ती मशीनमधून बाहेर आली. मंजिरी म्हणाली, सर निघालेत, पोचतीलच, ते सांगतील. कौमुदी म्हणाली, "मी सांगते." कसं ते तिला अजूनही माहीत नव्हतं. मंजिरीने तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मराठीत, अडखळत म्हणाली, "मी... येऊ का संग?" "नको ग बेटा. तू थांब इथंच."

भार्गव बाकावर ताठ बसला होता. पिशवी मांडीवर, तिचं तोंड एका हाताने मुठीत धरलेलं, कबुतर धरावं तसं. ती दिसताच त्याने पिशवी पुढे केली. "घे. एक जोडवं खाली पडलं होतं त्या बाईच्या हातून. उचललं."

"आवाज आला का रे इथवर?"

"हव. आमच्या वर्कशॉपच्या शेडसारखाच. मले वाटलं तू आत भिऊन राहिली असशील."

"भ्यायले थोडी."

"मोठी झाली तरी भितेच." तो सरकला, तिला जागा केली. समोरच्या भिंतीवर हात धुण्याची चित्रं लावलेली होती. ती बसली, पिशवी मांडीवर घेतली, जोडवी बोटांत चाचपली, घातली नाहीत. घसा साफ केला. तेवढ्यात तो म्हणाला, समोरच बघत, "निघालं न फोटोत?"

"काय?"

"त्या पोट्टीचं तोंड पाहिलं मी. पार उतरलं होतं. तिनं पाणीसुद्धा विचारलं मले दोनदा."

कौमुदीने त्याच्याकडे बघितलं. आता काहीतरी वाक्य हवं होतं, आईने बनवलं असतं तसं. "हो," ती म्हणाली. "आहे."

त्याने मान हलवली. गाडी वेळेवर आहे असं कळल्यावर हलवावी तितकीच. "कुठं?"

तिने बोट उचललं, त्याच्या उजव्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर टेकवलं. "इथं कुठंतरी."

"नाही." त्याने तिचं बोट धरलं, थोडं वर सरकवलं, नाकाकडे नेलं, आणि पापणीच्या कोपऱ्यापाशी अगदी हलकं दाबलं. "इथं. अजून आत."

पडद्यावर ते तिथेच होतं. कौमुदीने बोट मागे घेतलं आणि घाईने बोलू लागली, सगळं एकदम, की बघ भार्गव, ते आहे, आपलंच चुकलं, पण त्याचा अर्थ असा नाही की बाकीचं, म्हणजे ते जे बोलतं म्हणायचास, म्हणजे डॉक्टर येतील ते सांगतील नीट, पण गोळी...

"लोखंड कुठं बोलते, ताई?" भार्गव म्हणाला. अगदी समजावणीच्या सुरात, जसा तो शेजारच्या पोरांना इस्त्री गरम असते म्हणून सांगतो. "मी काम केलं आहे लोखंडाचं. ओरडते ते, चाकावर धरलं का. लय ओरडते. पण बोलत नाही. बोलते तो आजार."

कौमुदीला कानात अजून बोळे असल्यासारखं झालं. "हे तुले कधी कळलं?"

"कधी म्हणजे? हळूहळू कळलं. गोळीनं बोलणं बंद झालं, हे बंद नाही झालं. म्हणजे दोन वेगळे झाले न."

"मग तू रोज काहून म्हणत होता, लोखंड नाही म्हणून?"

"आईले बरं वाटे." मग म्हणाला, "तुमालेही हसू येई."

एक स्ट्रेचर चाकं वाजवत गेलं. कौमुदी हात धुण्याच्या चित्रांकडे बघत राहिली, तळवा, मग बोटांच्या बेचक्या, मग अंगठा. "मग चुंबकानं काढायले काहून आला? बोलत नाही तर?"

त्याने तिच्याकडे वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर खरंच आश्चर्य होतं. "खुपते न, ताई."

"खुपते?"

"नाही तर काय. ढग आले का जास्त. ह्या कुशीवर झोपता नाही येत. थंडीत तर असं वाटते का कोणी टाचणी ठेवली आहे."

"कधी सांगितलं नाही तू."

"रोजच तर सांगत होतो," भार्गव म्हणाला, आणि हसला, ते पडक्या दाताचं हसू, त्यात राग नव्हता, असता तर तिला सोपं गेलं असतं. "लोखंड आहे, लोखंड आहे. तुम्ही म्हणत होते, नाही."

मग त्याला भूक लागली. डबा तिच्याच पिशवीत होता. पोळी आणि वांग्याची भाजी, त्याच्या पोळीला तूप जास्त. दोघांनी बाकावरच डबा उघडला. तो सावकाश जेवला, नेहमीसारखा, भाजीतल्या मिरच्या झाकणात काढून ठेवत. कौमुदीने जेवल्यासारखं केलं, कारण ती नाही जेवली की तो थांबतो. मोठे डॉक्टर काय सांगतील ते ती मनात जुळवत होती. तुकडा काढता येईल की तसाच ठेवा म्हणतील, डोळ्याच्या डॉक्टरकडे नेऊ, नागपूरला नेऊ. मधेच तिच्या डोक्यात आलं की लोखंड आहे म्हणतो म्हणून ह्याला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं तेवढं नेलं, डोळ्याच्या डॉक्टरकडे फक्त एकदा, आणि तो बॅटरी मारून म्हणाला होता, साफ आहे. ते तिने पाहिलं होतं की ऐकलं होतं? असू दे.

जेवण झालं. भार्गवने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, एक दाबून तळहातावर घेतली. कौमुदीने पाण्याची बाटली उघडून धरली. आणि तो थांबला. तोंड अर्धं उघडं, सकाळी तिने मधेच तोडलं होतं तसंच. गोळी हातावर, पिवळी, त्याच्या इस्त्रीच्या चटक्यांनी काळ्या पडलेल्या तळव्यावर. तो गोळीकडे बघत होता. कौमुदीने बाटली इतकी घट्ट धरली होती की प्लास्टिक करकरलं. एवढ्या वर्षांत तो इथे कधी थांबला नव्हता.

"आता काय म्हणू?" त्याने विचारलं.

"काही नको म्हणू," ती म्हणाली.

त्याने जरा विचार केला. मग गोळी तोंडात टाकली, बाटली घेतली, मान मागे टाकली आणि गिळली. तोंड वाकडं केलं. "बिनमिठाचं लागलं," तो म्हणाला.

कौमुदी हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा बिघडला, आईचा बिघडायचा तसा, आणि तिने तो पदरात धरला. भार्गव वाट बघत बसला. बाईमाणसं दवाखान्यात रडतात, त्याला सवय होती. पलीकडे काचेच्या दारामागे मंजिरी उभी राहून बघत होती आणि कौमुदीने बघितल्यावर बाजूला झाली. बाहेर आभाळ झाकोळलं होतं, पौषातले असतात तसे पातळ, कोरडे ढग. कौमुदीने ते बघितले. बघितल्यावर एक प्रश्न तिच्या तोंडाशी आला. इतका साधा होता की इतक्या वर्षांत तो कोणीच विचारला नसेल ह्यावर तिचा विश्वास बसेना. तिने आठवून बघितलं. कोणी नव्हता विचारला.

"आत्ता खुपते का रे?"

भार्गवने डोळे मिटले. आत कुठेतरी जाऊन नीट बघून यावं तसा तो स्वस्थ बसला, आणि ती थांबली, मधे बोलली नाही.

"हव," तो म्हणाला. "थोडं."

"कुठं?"

त्याने एक डोळा उघडला. "मघाशीच तर दाखवलं, ताई. विसरली?"

"दाखव न पुन्हा," कौमुदी म्हणाली आणि बोट पुढे केलं.